सुआमेच्या फिटरांचा हिशेब

कुमासीत गाडी बंद पडली की माणूस गॅरेज शोधत बसत नाही, सरळ सुआमे गाठतो. घानातल्या या दुसऱ्या क्रमांकाच्या शहराच्या उत्तरेला, हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना पत्र्याच्या टपऱ्या, लाकडी मांडव, गंजलेले कंटेनर आणि उघड्यावर खोललेली इंजिनं यांची एक अख्खी नगरी पसरली आहे. एका गल्लीत फक्त गिअरबॉक्स, पुढच्या गल्लीत वायरिंग आणि बॅटऱ्या, त्यापलीकडे पत्रा ठोकून सरळ करणारे, मग रंगारी, मग लेथवाले. युरोपात माल वाहून थकलेली मर्सिडीजची जुनी व्हॅन इथे येते, तिच्या बाजूंना खिडक्या कापल्या जातात, आत बाकं ठोकली जातात आणि ती ‘ट्रोट्रो’ होऊन, म्हणजे तिथली वडाप होऊन, बाहेर पडते.

पूर्ण नाव सुआमे मॅगझिन. स्वातंत्र्यापूर्वी शहरातल्या जुन्या दारूगोळ्याच्या कोठाराजवळ फिटर मंडळींनी बस्तान मांडलं होतं. तिथून उठवल्यावर ती सुआमेला आली आणि कोठाराचं नाव सोबत घेऊन आली. इथे किती माणसं काम करतात याचा आकडा मोजणाऱ्यागणिक बदलतो. १९८० च्या दशकातले अंदाज चाळीस हजारांच्या घरातले आहेत, अलीकडचे दोन लाखांपर्यंत जातात. सकाळी आठ वाजता त्या गल्ल्यांतून चालणाऱ्याला दोन लाखांचा आकडा खरा वाटतो.

इथे मेकॅनिकला ‘फिटर’ म्हणतात आणि टपरीच्या मालकाला ‘मास्टर’. मास्टरच्या हाताखाली चार-पाच शिकाऊ पोरं. पोराच्या घरचे आधी मास्टरला ठरलेली रक्कम देतात, मग पोरगा काही वर्षं राबतो, आणि मास्टरला वाटलं की हा आता तयार झाला, तेव्हा रीतसर समारंभ करून त्याला मोकळं केलं जातं. त्यानंतर तो गल्लीच्या टोकाला स्वतःची टपरी टाकतो. सगळा धंदा तोंडी. कामाचा दर तोंडी, उधारी तोंडी, सुट्या भागाची किंमत तोंडी. २०१२ च्या नोव्हेंबरात आम्ही जे काम घेऊन तिथे गेलो, त्याची गाठ नेमकी या तोंडी व्यवहाराशी होती.

आम्ही म्हणजे एका बहुराष्ट्रीय कंपनीची दहाबारा जणांची तुकडी. ब्राझील, जपान, जर्मनी, कॅनडा आणि पुण्याहून मी. एकाच कंपनीचा पगार घेत असलो तरी त्याआधी कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नव्हतं. महिनाभर पगार चालू राहणार, काम मात्र इथल्या संस्थांचं करायचं आणि सल्ला फुकट द्यायचा, अशी ती योजना. कुणाच्या वाट्याला हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्या बायकांची संस्था आली, कुणाच्या वाट्याला एका दवाखान्यातली रुग्णनोंदणी. मी आणि एक जर्मन सहकारी सुआमेतल्या गॅरेजमालकांच्या एका संघटनेकडे.

या प्रकारच्या योजनांचा तो बहराचा काळ होता. फायझर या औषध कंपनीने २००३ मध्ये आपली माणसं आरोग्यसंस्थांकडे पाठवायला सुरुवात केली होती. २००८ मध्ये आयबीएमने ‘कॉर्पोरेट सर्व्हिस कोअर’ काढलं. पहिल्या वर्षीच्या तुकड्या रोमानिया, तुर्कस्तान, व्हिएतनाम, फिलिपिन्स, टांझानिया आणि घाना इथे गेल्या. हजारोंनी अर्ज केले, निवड झाली शंभराच्या आसपास. २००९ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने ‘पल्स’ सुरू केलं, २०१२ मध्ये एसएपीने ‘सोशल सॅबॅटिकल’. नावं वेगवेगळी, साचा बहुतेक ठिकाणी सारखाच: निघण्यापूर्वी काही आठवडे फोनवरून तयारी, प्रत्यक्ष जागेवर साधारण महिना, परतल्यावर अहवाल. पल्सने मात्र तीन ते सहा महिने दिले, आणि हा फरक वाटतो तेवढा किरकोळ नाही.

घानाला अशा पाहुण्यांची सवय जुनी आहे. अमेरिकेच्या पीस कोअरची सर्वांत पहिली तुकडी ३० ऑगस्ट १९६१ रोजी अक्राच्या विमानतळावर उतरली ती याच देशात. पन्नासेक तरुण शिक्षक होते. विमानातून उतरल्या उतरल्या त्यांनी त्वी भाषेतलं गाणं म्हणून यजमानांना चकित केलं. त्यांची नेमणूक दोन वर्षांची होती. खेड्यातल्या शाळेत दोन वर्षं शिकवणाऱ्या पोराला मलेरिया होतो, गावातली भांडणं कळतात, पावसाळ्यात कोणता रस्ता बंद पडतो हे समजतं. महिन्याभराच्या सल्लागाराला हॉटेलच्या वाय-फायचा पासवर्ड तेवढा पाठ होतो. हे थोडं कडवट झालं, पण अगदीच खोटं नाही.

संघटनेच्या सचिवाने पहिल्याच भेटीत माझा जन्मवार विचारला. अकान लोकांत मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला मिळतं: शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झालेले कोफी अन्नान शुक्रवारी जन्मले होते, आणि तेही याच कुमासीत. मी गुरुवारची, म्हणून ‘याआ’. ते ऐकून बाकावर बसलेली सगळी मंडळी खूश झाली, कारण या गावात याआ म्हटलं की याआ असांतेवा. एजिसूच्या या राजमातेने १९०० साली इंग्रजांविरुद्ध लढा उभारला. निमित्त होतं गव्हर्नर हॉजसनने असांते लोकांचं सोन्याचं आसन मागण्याचं. हे आसन ओकोम्फो आनोचे या पुरोहिताने आकाशातून उतरवून पहिल्या ओसेई तुतूच्या मांडीवर ठेवलं अशी श्रद्धा आहे; त्यावर राजासुद्धा बसत नाही. हॉजसनला मात्र त्यावर बसायचं होतं. असांतेवा पकडली गेली, सेशेल्स बेटांवर हद्दपार झाली आणि १९२१ मध्ये तिथेच वारली. आसन इंग्रजांच्या हाती कधीच लागलं नाही. नाव मिळाल्यावर मला ‘मॅडम’ म्हणणारे लोक ‘मॅडम याआ’ म्हणू लागले आणि कामाची बोलणी जरा सैल झाली.

मग सचिवाने कपाट उघडलं. खालच्या खणात रंगीत मुखपृष्ठांचे, तारेने बांधलेले अहवाल होते. आमच्याआधी निरनिराळ्या संस्थांच्या माणसांनी येऊन लिहिलेले. एका अहवालात संघटनेचं बलस्थान काय, दुबळेपणा काय, संधी कोणत्या, धोके कोणते, याचे चार चौकोन होते. दुसऱ्या पाहुण्यांनी वेबसाइट बनवून दिली होती. वर्ष संपल्यावर तिचं भाडं कुणी भरायचं हे ठरलेलं नव्हतं, ती बंद पडली. आम्हाला पुण्यात आणि म्युनिकमध्ये बसून मिळालेल्या कामाच्या मसुद्यात काय लिहिलं होतं? ‘सदस्यांसाठी माहिती व्यवस्थापन प्रणाली आणि वेबसाइट.’

सचिव हसला. तो स्वतः डिझेल पंपांचा मास्टर. त्याचं म्हणणं साधं होतं. त्याच्या सदस्यांना स्कॅनर घ्यायचे आहेत. नव्या गाड्यांत इंजिनाचं सगळं नियंत्रण इलेक्ट्रॉनिक झालं आहे. दोष काय आहे ते गाडीला संगणक जोडल्याशिवाय कळत नाही. कानाने इंजिन ऐकून रोग ओळखणारा पन्नाशीचा मास्टर अशा गाडीपुढे हतबल होतो, आणि गिऱ्हाईक अक्राला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे जातं. स्कॅनरला पैसे लागतात. बँकेकडे गेलं तर बँक सहा महिन्यांचा जमाखर्च मागते, वर सालीना पंचवीस टक्क्यांच्या आसपास व्याज. व्याजाचं ते बघतील म्हणाला. जमाखर्च कुठून आणायचा, तेवढं सांगा.

इतका नेमका प्रश्न विचारणारा यजमान मिळणं हे सल्लागाराचं भाग्य. आम्हाला ते कळायला मात्र पहिला आठवडा गेला, कारण आम्ही मसुद्यातल्या ‘प्रणाली’ला चिकटून होतो.

दरम्यान शहर आपल्या गतीने चाललं होतं. ७ डिसेंबरला निवडणूक होती. अध्यक्ष जॉन अट्टा मिल्स जुलैमध्ये पदावर असतानाच वारले होते आणि उपाध्यक्ष महामा त्यांच्या जागी आले होते. त्यांच्या पक्षाची खूण छत्री. विरोधी नाना अकुफो-आडो यांच्या पक्षाची हत्ती. कुमासी हा हत्तीचा बालेकिल्ला. सुआमेत छत्रीचं पोस्टर हुडकून काढावं लागे. अकुफो-आडो यांनी माध्यमिक शिक्षण मोफत करण्याचं आश्वासन दिलं होतं, त्यावर प्रत्येक टपरीत वाद. मतदाराची ओळख या वेळी प्रथमच बोटाच्या ठशाने यंत्रावर पटवायची होती, आणि डिझेलने काळ्या पडलेल्या बोटांचे ठसे यंत्र ओळखणार का, हा फिटरांचा खास प्रश्न होता.

वीज जात असे. विजेच्या या जाण्यायेण्यासाठी ‘दुमसोर’ हा शब्द तेव्हा घरोघरी रुळत होता. ऑगस्टमध्ये टोगोच्या समुद्रात चाच्यांशी झालेल्या झटापटीत एका जहाजाच्या नांगराने नायजेरियाहून गॅस आणणारी नळी तुटली होती, आणि त्या गॅसवर चालणारी वीजकेंद्रं अडचणीत आली होती. सुआमेत वीज गेली की वेल्डिंग थांबतं, लेथ थांबतो, आणि दहा मिनिटांत जनरेटरांची घरघर सुरू होते. ज्याच्याकडे जनरेटर नाही तो मास्टर बाकावर आडवा होतो. आमच्या ‘प्रणाली’ला लागणारा संगणक यातल्या कोणत्या टपरीत ठेवायचा होता, हे मसुदा लिहिणाऱ्याला विचारायला हवं होतं.

खाण्याचे हाल होतील असं पुण्यात सगळ्यांनी सांगितलं होतं. तसं काही झालं नाही. भात आणि चवळी एकत्र शिजवलेलं ‘वाचे’ रस्त्यावर मिळतं, पिकल्या केळ्याच्या मसालेदार तळलेल्या फोडी म्हणजे ‘केलेवेले’, चवळीची पाम तेलातली भाजी आणि तळलेली केळी म्हणजे ‘रेड-रेड’. ‘कोंतोमिरे’ हे अळूच्याच कुळातल्या पानांचं कालवण, फक्त त्यात सुकी मासळी नको असेल तर आधी बजावून सांगावं लागतं. पाणी अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. कोपरा दाताने तोडून प्यायचं. जपानी सहकाऱ्याला ते शेवटपर्यंत जमलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही लॅपटॉप हॉटेलात ठेवले आणि सुआमेत नुसते बसू लागलो. एका मास्टरकडे सकाळ, दुसऱ्याकडे दुपार. तेव्हा कुठे या वस्तीचा इतिहास कळू लागला. कुमासीच्या क्वामे एन्क्रुमा विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाने १९७२ मध्ये एक तंत्रज्ञान सल्ला केंद्र काढलं होतं. प्राध्यापकांनी कारागिरांना सल्ला द्यावा, ही कल्पना. काही वर्षांत त्यांच्या लक्षात आलं की कारागीर विद्यापीठाच्या आवारात पाऊल टाकायला बिचकतात. म्हणून १९८० मध्ये केंद्राने सुआमेतच कार्यशाळा उघडली, लेथ आणि मिलिंग यंत्रं तिथे आणली, आणि नट-बोल्टपासून शेतीच्या अवजारांपर्यंत वस्तू बनवायला स्थानिक माणसं शिकवली. तो प्रयोग पुढे देशाच्या इतर भागांत नेला गेला. सल्ला द्यायचा तर सल्लागाराने गिऱ्हाइकाच्या गल्लीत बिऱ्हाड करावं, एवढी अक्कल कुमासीच्या विद्यापीठाला आमच्या कंपन्यांच्या तीस वर्षं आधी आली होती.

आम्ही तिथे होतो त्याच सुमाराला मेले स्मेट्स हा डच कलाकार आणि योस्ट फान ओना हा समाजशास्त्रज्ञ सुआमेच्या कारागिरांबरोबर एक वेगळाच उद्योग करत होते: भंगारातले भाग आणि स्थानिक हात वापरून अख्खी नवी गाडी बनवायची. ‘टर्टल १’ नावाची ती गाडी २०१३ मध्ये तयार झाली आणि नेदरलँड्सला नेली गेली. तिचा बाजारात उपयोग काय, हा प्रश्न रास्त आहे. पण सुआमेला काय येतं हे तिने सचिवाच्या कपाटातल्या सगळ्या अहवालांपेक्षा नीट दाखवलं.

हिशेब नसलेल्या या वस्तीत पैसा मात्र शिस्तीत फिरत होता. रोज दुपारी एक माणूस खांद्याला पिशवी अडकवून गल्लीतून जाई. तो ‘सुसू’ गोळा करणारा. प्रत्येक जण त्याच्याकडे रोज ठरलेली रक्कम देतो, तो एका छापील कार्डावर त्या दिवसाच्या चौकोनात खूण करतो. महिना संपला की जमलेली रक्कम परत, त्यातला एका दिवसाचा हप्ता त्याची मजुरी. व्याज नाही; उलट जपून ठेवल्याबद्दल आपणच पैसे द्यायचे. तरीही लोक देतात, कारण पैसा खिशात राहिला तर भाऊबंद मागून नेतात. २००५ मध्ये बार्कलेजने या सुसूवाल्यांना हाताशी धरून छोट्या व्यापाऱ्यांपर्यंत पोहोचायचा प्रयत्न केला, तो याच विश्वासाच्या जोरावर. फिटरच्या खिशात महिनाभराच्या खुणांचं कार्ड होतं, म्हणजे कागदाचं त्याला वावडं नव्हतं. मग कामाचा हिशेब का नाही?

उत्तराचा धागा शनिवारी सापडला, तोही अंत्यविधीत.

कुमासीत शनिवारी सारं शहर काळ्या आणि लाल कपड्यांत असतं. असांते लोकांत मृत्यूनंतरचा मोठा विधी आठवड्या-दोन आठवड्यांत उरकत नाही. पाहुणे जमेपर्यंत, पैसा जमेपर्यंत प्रेत शवागारात ठेवतात आणि मग एका शनिवारी दफन होतं. भिंतींवर, खांबांवर मृताच्या फोटोचे मोठे फलक लागतात. मासे, विमानं, मोटारी अशा आकाराच्या शवपेट्यांचे फोटो घानाच्या नावावर जगभर फिरतात, त्या मात्र इकडच्या नव्हेत. ती अक्राच्या किनाऱ्यावरच्या गा लोकांची कला. असांते अंत्यविधीची शान वेगळ्यात आहे: रांगांनी मांडलेल्या खुर्च्या, तंबू, ढोल, आणि ध्वनिक्षेपक.

एका सदस्याची आजी वारली होती, म्हणून सचिव आम्हाला घेऊन गेला. मांडवात शिरल्यावर उजवीकडून सुरुवात करत प्रत्येकाशी हस्तांदोलन करायचं, मग बसायचं. एका टेबलाशी तिघं बसलेले. येणारा माणूस तिथे पैसे देतो. एक जण वहीत नाव आणि रक्कम लिहितो, दुसरा पावती फाडतो, तिसरा रोकड मोजतो. थोड्या वेळाने ध्वनिक्षेपकावरून घोषणा होते: अमुक कुटुंबाकडून इतके सेडी. टेबलावरचे दोघे आमचेच सदस्य होते, सुआमेतले मास्टर. दुकानात ज्यांनी कधी पेन्सिल उचलली नाही ते इथे रकाने आखून, खाडाखोड न करता, बेरजा टाकून ताळा जमवत होते. संध्याकाळी घरातले वडीलधारे बसून खर्च वजा करतात. तूट आली तर ती नातेवाइकांत वाटली जाते. ती वही वर्षानुवर्षं जपतात, कारण उद्या देणाऱ्याकडे प्रसंग आला की तेवढं तरी परत करायचं असतं. लग्नानंतर आमच्याकडे आई आहेराची वही ट्रंकेत ठेवते आणि चुलत मामाच्या मुलीच्या लग्नाआधी ती उघडून बघते, तोच हा कारभार.

अशी वही तेव्हाच टिकते जेव्हा समोरचा माणूस पावती घेतो आणि चार लोक ऐकत असतात. दुकानातल्या जमाखर्चाला साक्षीदार नव्हता. उलट तिथे हिशेब उघडा पडणं धोक्याचंच: नातेवाईक उसने मागायला येतील, कर गोळा करणारा येईल. मास्टर हिशेब लिहीत नव्हता त्याला त्याच्या दृष्टीने पुरेशी कारणं होती. आमचे रंगीत तक्ते त्या कारणांना हातही लावत नव्हते.

म्हणून आम्ही प्रणाली टाकून दिली आणि पावतीपुस्तक काढलं. मधे कार्बन, वरची प्रत गिऱ्हाइकाला, खालची पुस्तकात. रकाने मास्टर लोकांनीच ठरवले: गाडीचा नंबर, मालकाचं नाव, काम, सुट्या भागांचे पैसे, मजुरी, आगाऊ मिळालेले, बाकी. मजुरी आणि सुटे भाग वेगळे लिहायचे हा आग्रह आमचा. त्यावर दोन दिवस वाद झाला, कारण सुट्या भागात मास्टर थोडं वर ठेवतो आणि ते गिऱ्हाइकाला दिसू नये अशी त्याची इच्छा असते. तडजोड अशी झाली की वरच्या प्रतीवर एकच आकडा दिसेल, खालच्या प्रतीत दोन. जर्मन सहकाऱ्याला हे नैतिकदृष्ट्या खटकलं. मी नारायण पेठेत वाढलेली. मला खटकलं नाही.

पावत्या लिहिणार कोण हा पुढचा प्रश्न. मास्टरचे हात ग्रीसने भरलेले, शिकाऊ पोरांवर विश्वास नाही. गल्लीगल्लीत बसणाऱ्या वाचेवाल्या बायका सगळ्यांची उधारी चोख ठेवत होत्या. काही मास्टरांनी बायकोला किंवा मुलीला बसवलं, एकाने वाचेवालीच्या बहिणीला. महिन्याच्या शेवटी प्रत्येकाची खालची प्रत संघटनेच्या कचेरीत येणार, सचिव त्यावर शिक्का मारणार. शिक्क्याची कल्पना त्याचीच. बँकेला सहा महिन्यांचा कागद लागतो ना, मग शिक्क्याचा कागद देऊ, म्हणाला. शहरातल्या छापखान्याने पहिली पुस्तकं छापून दिली. त्याचे पैसे संघटनेने वर्गणीतून दिले, आम्ही द्यायला निघालो तेव्हा सचिवाने नकार दिला. फुकट आलेलं पुस्तक कपाटात जातं, हा त्याचा अनुभव होता.

शेवटच्या आठवड्यात एका हॉटेलच्या सभागृहात आमच्या सगळ्या तुकडीची सादरीकरणं झाली. विद्यापीठातले लोक, बँकेचे अधिकारी, नगरपालिकेचे प्रतिनिधी. पडद्यावर कुणी पाच वर्षांचा आराखडा दाखवला, कुणी संगणकावरची नोंदणी. आमच्याकडे दाखवायला एक पावतीपुस्तक. बँकेच्या अधिकाऱ्याने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, याच्यावर सही कुणाची? दुपारभरात आम्हाला विचारला गेलेला कामाचा प्रश्न तेवढाच होता.

नंतर काय झालं ते सचिवाच्या ईमेलमधून तुटक तुटक कळलं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत निम्म्याहून अधिक मास्टरांनी पुस्तक सोडलं होतं. ज्यांच्याकडे पावत्या लिहायला घरची बाई बसत होती त्यांचं टिकलं. मोठ्या बँकेने कुणाला दारात उभं केलं नाही; दोघातिघांना मात्र रूरल बँकेकडून छोटी कर्जं मिळाली. घानातल्या या गावपातळीवरच्या, गावकऱ्यांच्याच भागभांडवलावर चालणाऱ्या बँका १९७६ पासून आहेत आणि त्यांच्या अधिकाऱ्याला सदस्याचं घर माहीत असतं. एक स्कॅनर तीन मास्टरांनी मिळून घेतला. तो कुणाच्या टपरीत ठेवायचा यावरून भांडण झालं, असंही त्याने लिहिलं.

कंपनीला काय मिळालं? बरंच. आमच्यातल्या जवळपास प्रत्येकाच्या वार्षिक मूल्यमापनात ‘नेतृत्व’ या रकान्यात चांगले शेरे आले. मला पुढच्या वर्षी अनेक देशांच्या तुकडीचं काम मिळालं, आणि त्यात कुमासीचा हात होता हे नाकारण्यात अर्थ नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या ख्रिस्तोफर मार्क्विस आणि रोझाबेथ मॉस कँटर यांनी आयबीएमच्या योजनेवर २००९ मध्येच अभ्यासप्रकरण लिहिलं होतं, आणि तिथे ती समाजसेवेइतकीच अधिकारी घडवण्याची योजना म्हणून शिकवली जाते. त्या काळात मोठ्या कंपन्यांचं आफ्रिकेच्या बाजारपेठेकडे लक्ष वळलं होतं हेही विसरता येत नाही. आयबीएमने नैरोबीतल्या संशोधन प्रयोगशाळेची घोषणा केली ती २०१२ सालीच. यात वाईट काही नाही. फक्त याला प्रशिक्षण म्हणावं, आणि प्रशिक्षणाची फी कोण भरतं हेही बघावं. संघटनेच्या सचिवाने महिनाभर आपला डिझेल पंपाचा धंदा शिकाऊ पोरांवर सोडून आम्हाला गल्लोगल्ली फिरवलं. त्याचं बिल कुणी काढलं नाही.

माझ्या मते महिना हा काळ यजमानासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे, अपवाद एकच: यजमानाने प्रश्न स्वतः लिहिलेला असावा आणि तो वहीच्या पानाएवढा असावा. वर्षभराची योजना आखायला, संस्था उभारायला, कुणाचे डोळे उघडायला महिना पुरत नाही.

आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या १३५ व्या कलमाने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक केलं. देशाबाहेरचं काम त्यात धरलं जात नाही. म्हणजे पुण्या-मुंबईच्या कंपनीला आपली माणसं कुमासीला पाठवायची हौस असेल तर ती स्वतःच्या खिशातून भागवावी लागेल. भोसरीतल्या छोट्या लेथवाल्यांकडे किंवा इचलकरंजीतल्या यंत्रमागवाल्यांकडे महिनाभर माणूस बसवायला मात्र विमानाचं तिकीटही लागत नाही, आणि तिथेही बँक जमाखर्च मागतेच. मनुष्यबळ विभागातल्या मंडळींनी यावर विचार करावा.

आणि तरीही परदेशी जायची संधी आली तर जरूर घ्या. निघण्यापूर्वी त्या संस्थेच्या कपाटातले आधीचे सगळे अहवाल मागून घ्या आणि वाचा. मसुदा कुणी लिहिला ते विचारा. शेवटचा आठवडा सादरीकरणाला न देता जो माणूस मागे राहणार आहे त्याला द्या. आणि पिवळ्या तापाची लस विमानात बसण्याच्या निदान दहा दिवस आधी टोचून घ्या; त्या दाखल्याशिवाय घानात प्रवेश मिळत नाही, आणि परतताना आपल्या विमानतळावरही तोच दाखला आधी मागतात.